विश्लेषण : ‘स्ट्रीट फायटर २’ची नवी आवृत्ती चाहत्यांना का रुचली नाही?

निन्टेन्डोचा ‘स्विच’ हा कन्सोल मार्च २०१७ मध्ये बाजारात आला तेव्हा त्यासाठीचे गेम मोजकेच होते. त्याच काळात, २६ मे रोजी, कॅपकॉम या जपानी कंपनीने एका ओळखीच्या नावाचा गेम आणला : ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर २ : द फायनल चॅलेंजर्स’. गेम पंचवीस वर्षांहून जुना, चित्रे चकचकीत, दोन वाढीव लढवय्ये आणि किंमत ४० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २६०० रुपये. गेम खपला, पण फायटिंग गेमच्या जुन्या खेळाडूंची त्याने निराशा केली. असे का झाले?

मूळ गेमचे एवढे कौतुक कशासाठी?

‘स्ट्रीट फायटर २’ १९९१ मध्ये आर्केड मशिनवर आला. खेळायला आठ पात्रे आणि सहा बटणे : तीन ठोशांची, तीन लाथांची. जॉयस्टिक खाली, तिरपी आणि मग पुढे अशी पाव वर्तुळात फिरवून ठोशाचे बटण दाबले की रियूच्या तळहातांतून निळा गोळा सुटतो. हाच तो ‘हादोकेन’. वेळ जराशी चुकली तर गोळा सुटत नाही आणि समोरचा तेवढ्यात उडी मारून अंगावर येतो. १९९२ मधील ‘सुपर निन्टेन्डो’ आवृत्तीच्या ६३ लाख प्रती विकल्या गेल्या. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या व्हिडीओ गेम पार्लरमध्ये ज्यांनी पॉकेटमनी उडवला, त्यांना हे सांगायला नको. गेममध्ये भारताचा प्रतिनिधीही होता. हातपाय रबरासारखे लांबवणारा, तोंडातून आग ओकणारा आणि गळ्यात कवट्यांची माळ घालणारा योगी धालसिम. जपानी कल्पनेतला हा भारत आज पाहताना हसूच येते.

एकच गेम थोडा बदलून पुन्हा विकण्याची कॅपकॉमची सवयही तेव्हापासूनचीच. १९९१ ते १९९४ या काळात याच गेमच्या पाच आर्केड आवृत्त्या निघाल्या. मात्र त्या प्रत्येकीत खेळ बदलत होता. कधी खलनायक खेळायला मिळाले, कधी वेग वाढला, कधी चार नवी पात्रे आली.

२०१७ मध्ये नवे काय मिळाले?

पात्रांची संख्या १९ झाली. वाढलेली दोन म्हणजे ‘ईव्हिल रियू’ आणि ‘व्हायोलेंट केन’. दोघेही कॅपकॉमच्या चाहत्यांना आधीपासून माहीत असलेले आणि दोघेही मूळ रियू-केनचीच रूपे. अकुमा धरला तर १९ पैकी पाच जण साधारण एकाच पद्धतीने लढणारे झाले. समोरच्याने पकडले असता वेळेत बटण दाबून ती पकड पूर्णपणे सोडवता येऊ लागली, ही सुधारणा कामाची होती. दोघांनी मिळून संगणकाच्या एका लढवय्याशी लढण्याचा प्रकार होता, पात्रांचे रंग बदलता येत होते आणि १४०० हून अधिक चित्रांचा संग्रहही होता. चित्रसंग्रह खरोखर देखणा, पण तो पाहायला कुणी फायटिंग गेम विकत घेत नाही.

चित्रे चकचकीत, मग हालचाल अडखळती का?

खरी गोम इथे आहे. ही चित्रे २०१७ ची नव्हतीच. २००८ मध्ये आलेल्या ‘एचडी रीमिक्स’ या आवृत्तीसाठी कॅनडातील उडॉन या स्टुडिओने ती काढली होती आणि ती आवृत्ती १५ डॉलरला मिळत होती.

मूळ आर्केड मशिनचे चित्र ३८४ बाय २२४ पिक्सेलचे. एका लाथेसाठी मोजकीच चित्रे एकामागून एक दाखवली जात. जुन्या काचेच्या टीव्हीवर ठिपके एकमेकांत मिसळत आणि मधली हालचाल डोळा स्वतःच भरून काढी. उडॉनने प्रत्येक चित्र मोठ्या आकारात नव्याने रेखाटले, पण चित्रांची संख्या तेवढीच ठेवली. तसे करणे भागही होते. कोणते चित्र किती क्षण टिकते आणि त्यातला पाय नेमका कुठे लागतो, यावरच सामन्याचा सगळा हिशेब बसलेला असतो. मध्ये चित्रे घातली आणि लाथ कणभर उशिरा बसली, तर तो गेमच वेगळा होतो. परिणामी रेषा रेखीव झाल्या, पण पात्रे एका पवित्र्यातून दुसऱ्यात टुणकन उडू लागली. आधुनिक कार्टूनसारखी दिसणारी माणसे १९९१ च्या तालात हलतात, ही विसंगती मोठ्या पडद्यावर लपत नाही. जुनी पिक्सेल चित्रे निवडण्याची सोय होती, हे नशीब.

पूर्णपणे नवा म्हणावा असा भाग एकच, ‘वे ऑफ द हादो’. दोन्ही हातांत जॉय-कॉन धरून खेळाडूने रियूच्या नजरेतून समोरच्या सैनिकांवर हादोकेन सोडायचे. कल्पना ऐकायला झकास, पण हाताचे हावभाव गेमला नेमके ओळखता येत नव्हते. हादोकेनसाठी हात पुढे करावेत आणि पडद्यावर भलतेच काही व्हावे, असे वारंवार घडे. काही मिनिटांत हात दुखू लागत आणि उत्साहही संपे. ज्या गेमची सारी मजा बटणाच्या अचूकतेत होती, त्याच्यावर असा अंदाजपंचे प्रकार लादणे अनाकलनीयच.

अडचण जॉय-कॉनचीही होती. आडव्या धरलेल्या एका जॉय-कॉनवर सहा हल्ले बसवायचे तर कडेची दोन चिमुकली बटणेही वापरावी लागतात. मोठ्या बोटांच्या माणसाचे काम नव्हे.

मग गेम खपला कसा?

जूनअखेर त्याच्या साडेचार लाख प्रती विकल्या गेल्या आणि कॅपकॉमने आर्थिक अहवालात त्याला दणदणीत यश म्हटले. नव्या कन्सोलवर पर्याय थोडे, नाव सर्वांच्या तोंडी असलेले आणि शेजारी बसलेल्या मित्राच्या हातात दुसरा जॉय-कॉन देऊन प्रवासातही खेळता येण्याची सोय. शिवाय खालचा खेळ अजूनही उत्तम होता, हे टीकाकारांनीही नाकारले नाही. त्यांची तक्रार किमतीबाबत होती.

ती तक्रार किती रास्त होती, हे वर्षभरातच दिसले. २९ मे २०१८ रोजी कॅपकॉमने ‘स्ट्रीट फायटर थर्टीएथ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’ आणले. त्यात ‘स्ट्रीट फायटर २’च्या पाचही आर्केड आवृत्त्यांसह एकूण १२ गेम होते आणि किंमत तीच, ४० डॉलर. स्विचवरही ते उपलब्ध होते. २००८ ची नवी चित्रे आणि ‘वे ऑफ द हादो’ यांना मात्र त्यात जागा मिळाली नाही.