कोलाडच्या कोब्यावर आडवी धावणारी मोटार

कोलाड म्हटले की मुंबईकराला दोन गोष्टी आठवतात. एक कुंडलिकेतले रॅफ्टिंग आणि दुसरी कोकण रेल्वेची रो-रो सेवा. १९९९पासून येथे मालमोटारी रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवल्या जातात आणि स्वतःचे एकही चाक न फिरवता गोव्यात वेर्णा येथे उतरतात. २०२५मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर खासगी मोटारींसाठीही अशी सोय झाली. चाक न फिरवता गाडी शेकडो किलोमीटर जाते अशा या गावी आम्ही चार मित्रांनी पावसाळ्यातली एक दुपार नेमके उलटे करण्यात घालवली. आमच्या मोटारीची चाके गरागरा फिरत होती आणि मोटार पंधरा फुटांच्या वर्तुळाबाहेर जाऊ नये, एवढीच आमची धडपड होती.

मोटार अर्थातच रिमोट कंट्रोलवरची. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, सव्वा-दीड फूट लांब, वजनाला दीड किलोच्या आसपास. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सुटते, त्या पाण्यावर रॅफ्टिंग होते आणि दुपारी पर्यटकाला काही काम उरत नाही. त्यातून चातुर्मास असल्याने मंगल कार्यालये रिकामी. अशाच एका कार्यालयाच्या मालकांनी, आम्ही काय करणार आहोत हे न समजताही, उदार मनाने दार उघडून दिले. आत गुळगुळीत घासलेला जुना कोबा, व्यासपीठावर नव्या चकचकीत फरश्या आणि बाहेर अंगणात सिमेंटचे ठोकळे. ड्रिफ्टिंगची गाडी कशी जुळवायची, याचे निम्मे उत्तर या तीन जमिनींनीच दिले.

ड्रिफ्टिंग म्हणजे मागची चाके मुद्दाम घसरवत, गाडी तिरपी ठेवून, तरीही ताब्यात राखून वळण पार करणे. ही कला जपानच्या डोंगरी रस्त्यांवर वाढली. तिकडे अशा रस्त्याला ‘तोगे’ म्हणतात; आपल्या भाषेत घाट. शर्यतपटू कुनिमित्सु ताकाहाशी यांच्या शैलीतून स्फूर्ती घेऊन केइची त्सुचिया यांनी ती लोकप्रिय केली आणि २००१पासून ‘डी-वन ग्रां प्री’ या नावाने तिच्या रीतसर स्पर्धा सुरू झाल्या. तामिया, योकोमो यांसारख्या जपानी कंपन्यांनी तीच गंमत दिवाणखान्यात आणली. कोलाडला ताम्हिणी घाट जवळ आहे आणि महामार्गावर सुकेळीची खिंडही. पहिल्या पावसात धूळ आणि तेलाचा थर ओला झाला की या रस्त्यांवर गाड्या कशा आडव्या होतात, हे इकडच्या वाहनचालकांना सांगायला नको. तिथे जे टाळायचे, तेच बंद सभागृहात शिकायचे होते.

आमची सुरुवात मात्र फजितीने झाली. माझी गाडी शर्यतीची, चारही चाकांना ताकद मिळणारी आणि मऊ रबरी टायरांची होती. अधिक वेग दिला की ती आपोआप घसरेल, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात ती कोब्याला घट्ट धरून सुसाट गेली आणि खुर्च्यांच्या चळतीवर आदळली. बहुतेक नवशिके येथेच फसतात आणि अधिक जोरदार मोटर विकत आणतात. खरे तर ड्रिफ्टिंगमध्ये वेग दुय्यम आहे. पहिले काम म्हणजे जमिनीची पकड बेताने काढून घेणे.

म्हणून ड्रिफ्ट गाडीचे टायर रबराचे नसून कडक प्लास्टिकचे असतात. सुरुवातीच्या काळात हौशी मंडळी नळकामाच्या पीव्हीसी पाइपचे काप काढून चाकांवर चढवत. आजही तात्पुरता प्रयोग करायला हा उपाय वाईट नाही. बाजारात मिळणाऱ्या टायरांमध्ये मात्र कठीणपणाच्या अनेक प्रती असतात आणि त्या जमिनीनुसार निवडाव्या लागतात. मित्राच्या गाडीचे जे टायर कोब्यावर लोण्यासारखे चालले, तेच व्यासपीठाच्या फरशीवर अगदीच निसटू लागले. बाहेरच्या ठोकळ्यांवर प्रत्येक सांध्याला गाडी उडे आणि टायर झिजत ते वेगळेच. चारही टायर एकाच प्रतीचे हवेत, हेही लक्षात ठेवावे. मागे जुने आणि पुढे नवे टायर घालून केलेली कोणतीही जुळवणी फसवी ठरते.

कडक टायरांना आणखी एक कारण आहे. गाडीची लांबी दहापट कमी झाली की तिच्या घसरण्या-फिरण्याच्या हालचाली साधारण तिपटीने जलद होतात. खऱ्या गाडीत चालकाला जो एक सेकंद मिळतो, तो येथे तृतीयांशावर येतो. पकड कमी केली की सगळे थोडे संथ होते आणि माणसाच्या हाताला वेळ सापडतो. तरीही तो पुरत नाही. म्हणून जायरो लागतो.

पूर्वीच्या ड्रिफ्ट गाड्यांत चारही चाकांना ताकद असे आणि गिअर बदलून मागची चाके पुढच्यांपेक्षा दीडपट-दुप्पट वेगाने फिरवली जात. पुढे खऱ्या गाड्यांसारखी फक्त मागच्या चाकांवर चालणारी रचना रूढ झाली. २०१६मध्ये आलेली योकोमोची ‘वायडी-२’ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. अशी गाडी जायरोशिवाय चालवणे म्हणजे तळहातावर काठी तोलण्यासारखे आहे. आगपेटीपेक्षाही लहान असलेला हा जायरो गाडी कोणत्या दिशेने किती झपाट्याने वळते आहे हे ओळखतो आणि पुढची चाके तत्क्षणी विरुद्ध बाजूला वळवतो. आजच्या खऱ्या मोटारींतील स्थिरता राखणारी यंत्रणाही असाच संवेदक वापरते, पण घसरण थांबवण्यासाठी. येथे तो घसरण टिकवण्यासाठी राबतो.

जायरो बसवल्यावर एक चाचणी केलीच पाहिजे. गाडी चालू करून हातात उचला आणि तिचे नाक झटकन डावीकडे फिरवा. पुढची चाके उजवीकडे वळली तर जायरोची दिशा बरोबर. तीही डावीकडेच वळली तर जायरोवरील दिशा बदलण्याचे बटण उलटे करावे. नाहीतर गाडी जमिनीवर ठेवताच भोवऱ्यासारखी फिरेल. आमच्यातल्या एकाने ही चाचणी टाळली आणि अर्धा तास मागच्या स्प्रिंगा बदलत बसला!

यानंतर जायरोची तीव्रता. ती कमी असेल तर गाडीची शेपटी चालकाच्या पुढे निघून जाते. जास्त असेल तर सरळ चालतानाही पुढची चाके डावी-उजवीकडे थरथरू लागतात. तीव्रता हळूहळू वाढवत न्यावी आणि थरथर सुरू झाली की किंचित मागे यावे. थरथर फार लवकर येत असेल, तर स्टिअरिंगच्या सांध्यांत ढिलेपणा आहे का किंवा चाके वळवणारा सर्व्हो संथ आहे का, ते पाहावे. सर्व्होवर काटकसर करू नये. जायरोने सेकंदात शंभर आज्ञा दिल्या आणि सर्व्होने त्यातल्या दहाच ऐकल्या, तर दोष जायरोला देता येत नाही.

स्टिअरिंगचा कोन ही पुढची पायरी. सामान्य खेळण्यातली चाके तीसेक अंश वळतात. ड्रिफ्ट गाडीत साठ अंश किंवा त्याहून अधिक लागतात, कारण गाडी जेवढी आडवी होईल तेवढे पुढच्या चाकांना उलट वळून प्रवासाच्या दिशेकडे तोंड ठेवावे लागते. जायरो बंद ठेवून प्रथम सर्व्हो मध्यावर आणावा, चाके सरळ करावीत, मग दोन्ही बाजूंच्या मर्यादा ट्रान्समीटरवर अशा आखाव्यात की चाक सांगाड्याला घासणार नाही आणि सर्व्हो कण्हणार नाही. हा क्रम चुकला की गाडी एका बाजूला सुंदर घसरते आणि दुसऱ्या बाजूला गरकन फिरते.

वजनाचे गणित मात्र मला सर्वांत रंजक वाटले. प्लास्टिकच्या टायराला पकड मिळते ती मुख्यतः त्यावर पडणाऱ्या भारातून. बॅटरी दोन बोटे मागे सरकवताच मागची चाके कोब्यात रुतल्यासारखी ढकलू लागली आणि गाडी गिरकी घेण्याऐवजी पुढे सरकू लागली. फारच मागे सरकवली तेव्हा पुढची चाके हलकी पडून गाडी वळेनाशी झाली. शेपटी निसटत असेल तर भार मागे न्यावा किंवा मागच्या स्प्रिंगा मऊ कराव्यात. नाक बाहेर पळत असेल तर भार थोडा पुढे आणावा. डाव्या-उजव्या चाकांवरचा भारही सारखा हवा. तो स्वयंपाकघरातल्या दोन सारख्या वजनकाट्यांवरही तपासता येतो. मागची दोन्ही चाके एकत्र बांधलेली असावीत. मोकळ्या डिफरन्शिअलमध्ये हलके पडलेले चाक नुसतेच फिरते आणि ड्रिफ्ट तुटतो. पुढची चाके वरच्या बाजूने सहा ते आठ अंश आत कलवतात, मागची त्याहून बरीच कमी. जमिनीपासूनची उंची पाचेक मिलिमीटर. हे आकडे सुरुवातीपुरतेच. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा.

मोटरबाबत नवशिक्याने संयम ठेवावा. ब्रशलेस मोटरवर १०.५ किंवा १३.५ असा वेढ्यांचा आकडा असतो. आकडा मोठा तितकी मोटर शांत. घरच्या जागेत १३.५ पुरते. ट्रिगर एकदम दाबायचा नाही, चिमटीत धरल्यासारखा कमी-जास्त करायचा. ड्रिफ्टचा कोन मुख्यतः यानेच ठरतो, स्टिअरिंगने कमी.

सरावासाठी आम्ही कार्यालयातली एक बादली मधोमध ठेवली. प्रथम तिच्याभोवती एकाच दिशेने वर्तुळ, ते जमले की उलट दिशेने आणि मग दोन बादल्यांमधून इंग्रजी आठ. या आठाच्या मधोमध, जिथे गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर येते, तिथे सगळ्या चुका उघड्या पडतात. साडेपाचच्या सुमारास माझी गाडी (मित्राचे उसने टायर, उसना जायरो आणि पुढच्या चाकांची ताकद काढून टाकलेली) सलग चार आठ काढून गेली. तोवर स्वयंपाक्यांसह सहा-सात प्रेक्षक जमले होते आणि मालकांच्या नातवाने रिमोटचा ताबा मागितला होता. त्याची बोटे आमच्यापेक्षा हलकी होती, एवढे कबूल केले पाहिजे.

कोकणात ही हौस करणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. पावसाळी दमटपणाने बेअरिंगे गंजतात, म्हणून खेळ संपताच गाडी पुसून तेलाचा हलका हात द्यावा. दुसरे पथ्य लिथियम पॉलिमर बॅटरीचे. तिचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नये, साडेतीनच्या खाली नेऊ नये आणि काही दिवस वापरायची नसेल तर ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. आमच्यापैकी एकाची तशी निघाली. ती वाळूच्या डब्यात घालून मुंबईला परत नेली आणि दुसऱ्या दिवशी ई-कचरा घेणाऱ्यांच्या हवाली केली.