एक सत्र परदेशात (भाग ४) : क्रमवारी मिटा, स्वतःचा अभ्यासक्रम उघडा

"सर, पहिल्या दोनशेतलं कुठलंही चालेल."

राहुरीला कृषी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी गेल्या रविवारी घरी आली होती. बसल्या बसल्या तिनं हे वाक्य टाकलं आणि मोबाइल पुढं केला. विद्यापीठांची क्यूएस जागतिक क्रमवारी उघडलेली, त्यातली पंधरा-सोळा नावं खुणा करून ठेवलेली. दोनशेच का, असं मी विचारलं. तिच्या ओळखीतल्या एकानं राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता, तेव्हा पहिल्या दोनशेची अट होती म्हणे. अट खरीच आहे. पण ती शिष्यवृत्ती पूर्ण पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडी करणाऱ्यांसाठी आहे. एका सत्रासाठी जाणाऱ्याला ती लागू होत नाही, म्हणून तिची अटही आपण डोक्यावर घ्यायचं कारण नाही.

मागच्या भागात विद्यापीठांमधले करार पाहिले. आज निवडीचा प्रश्न. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं घोडं इथंच अडतं, कारण बहुतेकांची सुरुवात क्रमवारीपासून होते. क्रमवारी कशी बनते ते आधी बघा. क्यूएसच्या यादीत सगळ्यात मोठा वाटा, १०० पैकी ३० गुण, जगभरच्या प्राध्यापकांमध्ये त्या विद्यापीठाचं नाव किती आहे याला असतो. त्याखालोखाल २० गुण संशोधनाचे दाखले इतरांनी किती दिले याला. पाच वर्षं तिथं राहून पीएचडी करायची असेल तर याला अर्थ आहे. तुम्ही मात्र चार-पाच महिन्यांसाठी चार-पाच विषय शिकायला जाणार. तो विषय तिथं कोण शिकवतं, त्या सत्रात शिकवला जातो का, पाहुण्या विद्यार्थ्याला त्या वर्गात बसू देतात का, यातलं काहीही क्रमवारी सांगत नाही.

म्हणून मी तिला मोबाइल बाजूला ठेवायला सांगितलं आणि विचारलं, "तुमची शेती कुठं?"

प्रवरेच्या कालव्याखाली. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि त्या पट्ट्याचं नशीब पालटलं. ऊस आला, सहकार आला, १९५०च्या सुमारास प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला. पण पिढ्यान्‌पिढ्या पाटाचं पाणी पाजत राहिल्यावर आणि निचऱ्याची सोय नसल्यावर जमिनीत पाणी तुंबतं, त्याबरोबर क्षार वर येतात. तिच्या आजोबांचं दीड एकराचं एक शेत असंच क्षारपड झालेलं. उन्हाळ्यात वर पांढरी खार फुटते, चालताना पायाखाली कुरकुर वाजते, आणि ऊस लावला तर गुडघ्याच्या वर येत नाही. हे सांगताना तिचा आवाज बदलला. क्रमवारीतली नावं वाचताना तो तसा नव्हता.

तिचं विद्यापीठ शोधायची सुरुवात या शेतापासून व्हायला हवी होती. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून जास्तीचं पाणी आणि क्षार बाहेर काढायचे, याला आपण भूमिगत निचरा म्हणतो. हा विषय राहुरीतही शिकवतात. पण ज्या देशाचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्या नेदरलँड्समध्ये निचरा हा जगण्याचाच प्रश्न आहे. तिथलं वागेनिंगन विद्यापीठ शेती आणि पाणी याच विषयांभोवती वाढलेलं आहे. कॅलिफोर्नियातलं सॅन होआकिन खोरं आपल्यासारखंच कालव्यांवर पिकलं आणि आपल्यासारखंच क्षारांनी बाधलं. जवळच डेव्हिसचं विद्यापीठ आहे. दोन्ही नावं तिच्या यादीत होती, पण ती का आहेत हे तिला सांगता येत नव्हतं. आता येतं.

तिच्याच वर्गातला कुणी हिवरे बाजारच्या बाजूचा असता तर त्याला वेगळं नाव सांगितलं असतं. हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद मांडायला आणि शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही हे पाळायला गावांना शिकवलं. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात नदीखोऱ्यांप्रमाणे आखलेले २३ नैसर्गिक साधनसंपत्ती जिल्हे आहेत. ही व्यवस्था १९७२ साली सुरू झाली. लोकांनी निवडून दिलेलं मंडळ भूजलाचा कारभार बघतं, आणि काही जिल्ह्यांत विहिरीवर मीटर बसवून शेतकऱ्याला पाण्याचा कोटा ठरवून दिला जातो. ग्रामसभेत जे ठरतं ते कायद्यात बसवलं तर काय घडतं, हे ज्याला बघायचंय त्यानं लिंकनच्या नेब्रास्का विद्यापीठाचा अभ्यासक्रम उघडावा. क्रमवारीत ते कितवं आहे, हा प्रश्न मनातसुद्धा येणार नाही.

हे शहाणपण आपल्या जिल्ह्याला नवं नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्याआधी दोघं अमेरिकेत होते आणि जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले. गावाला काय लागतं हे त्यांना ठाऊक होतं आणि शिक्षण त्याच्याशी जोडलेलं होतं. नंतर गंगा उलटी वाहिली. आज जगभरातली वैद्यकीय आणि आरोग्य शाखेची मुलं जामखेडला येऊन राहतात. चौथी शिकलेली किंवा शाळेचं तोंडही न पाहिलेली बाई गावाचं आरोग्य कसं सांभाळते, हे त्यांना आपल्या विद्यापीठात बघायला मिळत नाही, म्हणून येतात. लोणीच्या प्रवरा वैद्यकीय संस्थेकडेही स्वीडनमधले विद्यार्थी अशाच ओढीनं येत आलेत. ही मुलं जामखेडचा क्रमांक विचारत नाहीत. आपल्याकडे नाही असं तिथं काय आहे, एवढंच ती बघतात. आपणही तोच प्रश्न घेऊन निघायला हवं.

आता कोरड्या पण कळीच्या भागाकडे येतो. माझ्या मते अर्ध्याहून जास्त निर्णय इथंच होतो. तिकडे शिकलेले विषय परत आल्यावर तुमच्या गुणपत्रिकेवर चढणार आहेत का?

आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे सत्रात साधारण १५ तासांचं व्याख्यान किंवा ३० तासांचं प्रात्यक्षिक. युरोपात मोजमाप वेगळं. तिथं एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे कष्ट, आणि त्यात वर्गातले तास, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी सगळं धरलेलं असतं. युरोपातलं पूर्ण सत्र ३० क्रेडिटांचं, आपलं सहसा २० ते २२ क्रेडिटांचं. मुलं तिकडचे ३० बघून खूश होतात आणि दहा जास्तीचे पदरात पडले असं समजतात. तसं नसतं. सत्राला सत्र, असाच हिशोब धरा. उलट तिकडे १८च क्रेडिटांचे विषय घेतले तर इकडे बाराच्या आसपास भरतील आणि उरलेले विषय मागं राहतील.

माझ्या ओळखीतला एक मुलगा असाच परत आला होता. तिकडची गुणपत्रिका उत्तम, प्राध्यापकांची शाबासकी. इथं त्याच्या कॉलेजात विभागप्रमुख बदललेले. आधीच्यांनी तोंडी "जा, बघून घेऊ" म्हटलेलं, नव्यांनी कागद मागितला. कागद नव्हता. त्याला चार विषयांना पुन्हा बसावं लागलं आणि वर्ष गेलं. चूक कुणा एकाची म्हणता येणार नाही, पण किंमत त्यानं मोजली.

म्हणून जाण्याआधी लेखी करार हवाच. युरोपात त्याला लर्निंग अॅग्रीमेंट म्हणतात. तिकडचा कुठला विषय इकडच्या कुठल्या विषयाच्या जागी धरायचा हे त्यात लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी, आपलं विद्यापीठ, यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. सही कुणाची चालते, हे मात्र तुमच्या कॉलेजवर ठरतं. कॉलेज स्वायत्त असेल तर त्याचं स्वतःचं अभ्यासमंडळ असतं आणि प्रश्न कॅम्पसमध्येच सुटू शकतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी नुसतं संलग्न असेल तर कागद गणेशखिंडीपर्यंत जाऊ शकतो, त्याला वेळ लागतो. राहुरीच्या मुलांचं बरं आहे, त्यांचं विद्यापीठ त्यांच्या दारातच आहे.

आणि सत्र कुठलं सोडायचं हेही बघा. प्रयोगशाळेचे, सक्तीचे विषय ज्यात दाटलेत ते सत्र इथंच करा. ज्या सत्रात इलेक्टिव्ह जास्त, ते परदेशासाठी ठेवा. जुळवाजुळव तिथंच सोपी जाते.

दिनदर्शिका हा दुसरा सापळा. अमेरिकेतलं फॉल सत्र ऑगस्टअखेर सुरू होऊन डिसेंबरच्या मध्याला संपतं. आपल्या जून-जुलै ते नोव्हेंबरच्या सत्राच्या जागी ते बऱ्यापैकी बसतं. जर्मनीत उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणजे ऐन आपल्या परीक्षांच्या तोंडावर. हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालतात, ते संपेपर्यंत आपलं पुढचं सत्र इथं केव्हाच सुरू झालेलं असतं. वागेनिंगनला वर्षाचे सहा तुकडे आहेत आणि सप्टेंबरपासूनचे पहिले तीन जानेवारीअखेरपर्यंत जातात. डेव्हिसला सत्रच नाही, तिथं दहा आठवड्यांच्या शिकवणीचा क्वार्टर असतो. त्या मुलीच्या यादीतलं डेव्हिस इथं डळमळलं, कारण एका क्वार्टरमध्ये आपल्या सत्राएवढं भरत नाही आणि दोन घ्यायचे तर मार्च उजाडतो.

पैशाचं थोडक्यात. विद्यापीठांमधल्या करारातून जाता तेव्हा फी इथंच भरायची, तिकडची माफ. करार नसताना स्वतंत्रपणे गेलात तर तिकडची पूर्ण फी तुमच्या माथी. एकाच वर्गात शेजारी-शेजारी बसलेल्या दोन मुलांच्या खर्चात यामुळं काही लाखांचा फरक पडू शकतो. करारातून जाणाऱ्याला युरोपीय संघाच्या इरास्मस योजनेतून कधी कधी महिन्याला ८००-९०० युरोंच्या घरात भत्ता आणि प्रवासखर्चही मिळतो, पण त्यासाठी दोन विद्यापीठांनी मिळून आधी तो निधी मिळवलेला असावा लागतो. जर्मनीच्या व्हिसासाठी राहण्याखाण्याची सोय दाखवावी लागते, महिन्याला ९९२ युरो. पाच महिन्यांचे ४,९६० झाले, आणि ते बंद खात्यात आधी ठेवायचे. युरोपात ९० दिवसांच्या वर राहायचं तर पर्यटकाचा व्हिसा चालत नाही, त्या देशाचा स्वतंत्र दीर्घ मुदतीचा व्हिसा हवा. आणि विद्यापीठ मोठ्या शहरात असेल तर खोलीची हमी देतात का, हे पहिल्याच मेलमध्ये विचारा. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांना खोल्या मिळत नाहीत ही तिथली मोठी अडचण आहे, आणि हातात प्रवेश असून डोक्यावर छप्पर नाही अशी वेळ मुलांवर येते.

शिष्यवृत्ती घेणार असाल तर तिच्या अटी घरच्यांसोबत बसून वाचा. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट १९०४ साली मंगलदास नथुभाई शिष्यवृत्तीवर एडिंबराला गेले आणि हेरिअट-वॉट कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकू लागले. तिथं त्यांनी हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्यावर जाहीरपणे टीका केली आणि शिष्यवृत्ती गेली. पुढं मुळशीच्या सत्याग्रहानं सेनापती झालेल्या त्या माणसानं ही किंमत जाणूनबुजून मोजली होती. आजच्या मुलावर तशी वेळ नाही. पण अमुक क्रेडिट पूर्ण केलेच पाहिजेत, अमुक तारखेच्या आत परतलंच पाहिजे, नाहीतर रक्कम परत, ही कलमं बारीक अक्षरात असतात आणि बहुतेक मुलं ती न वाचता सही करतात.

त्या दिवशी निघताना तिनं वहीत चार रकाने आखले. आपला विषय, तिकडचा विषय, दोन्हीकडची क्रेडिटं, आणि चौथा : कोण सही करणार. पंधरा-सोळा नावांतली तीन उरली. वागेनिंगन राहिलं. डेव्हिस पेन्सिलीनं लिहून ठेवलं. तिसरं नाव तिनं स्वतः शोधलेलं, मी कधी न ऐकलेलं, स्पेनमधल्या एका लहान शहरातलं. तिथं क्षारपड जमिनीवर एक पूर्ण विषय आहे आणि तो इंग्रजीतून शिकवतात. तिन्हींना त्याच रात्री तिनं एकच प्रश्न पाठवला : हा विषय येत्या सप्टेंबरात नक्की शिकवणार का, आणि पाहुण्या विद्यार्थ्याला त्याच्या प्रात्यक्षिकांना बसता येईल का?

स्पेनचं उत्तर दोन दिवसांत आलं. विषय आहे, प्रात्यक्षिकं शेतावर होतात, जागा बारा. पण त्यांच्याशी राहुरीचा करार नाही. चौथा रकाना अजून रिकामा आहे. सोमवारी ती विषयाचा आराखडा छापून घेऊन विभागप्रमुखांकडे जाणार आहे.

(पुढच्या आठवड्यात : करार नसेल तर तो घडवून आणता येतो का?)