दंतरोपणांवरील पूर्ण कवळीचे तत्काळ भारण

तत्काळ भारण ही दंतरोपणशास्त्रातील एक उपचारपद्धती आहे. तीत जबड्याच्या हाडात टायटॅनियमची रोपणे (इम्प्लांट) बसवल्यापासून एका आठवड्याच्या आत त्यांवर कवळी जोडून ती वापरात आणली जाते. एक आठवडा ते दोन महिने या काळात कवळी जोडल्यास त्यास लवकर भारण, तर त्यानंतर जोडल्यास पारंपरिक भारण म्हणतात.

इतिहास

स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये गोटेनबर्ग येथे पहिल्या रुग्णावर टायटॅनियमची रोपणे बसवली. त्यांच्या पद्धतीत हाड जुळून येण्यासाठी खालच्या जबड्यात सुमारे तीन व वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने थांबावे लागे. पुढे फिलिप लेडरमान यांनी खालच्या जबड्यातील चार रोपणे धातूच्या दांडीने जोडून त्यांवर लगेच कवळी बसवण्याची पद्धत मांडली. पोर्तुगालचे पाउलो मालो यांनी २००३ मध्ये चार रोपणांवरील स्थिर दातांच्या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

तत्त्व

रोपण सुरुवातीला केवळ आट्यांच्या पकडीवर उभे असते. पहिल्या काही आठवड्यांत जुने हाड झिजते आणि नवे तयार होत असते. त्यामुळे ही पकड काही काळ सैलावते. या काळात रोपण साधारण १०० ते १५० मायक्रोमीटरपेक्षा अधिक हलल्यास त्याभोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते व रोपण निकामी होते. म्हणून बसवताना सुमारे ३५ न्यूटन-सेंटिमीटर पीळबल मिळाले तरच सामान्यतः तत्काळ भारण केले जाते. रुग्णाला सुरुवातीचे काही आठवडे मऊ आहार घ्यावा लागतो. खालच्या जबड्याच्या पुढील भागातील हाड घट्ट असल्याने तेथे ही पद्धत अधिक खात्रीची ठरते.

मर्यादा

धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह, दात खाण्याची सवय व अपुरे हाड यांमुळे धोका वाढतो. विदर्भात खर्रा खाण्याचे प्रमाण मोठे आहे. सुपारीमुळे होणाऱ्या मुखतंतुमयतेत तोंड पुरेसे उघडत नाही व शस्त्रक्रिया अवघड होते.

ग्रामीण संदर्भ

भंडारा जिल्ह्यातील सिहोऱ्यासारख्या गावांतील रुग्णांना नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय हे जवळचे मोठे शासकीय दंतोपचार केंद्र आहे. तत्काळ भारणामुळे कवळीविना किंवा सैल कवळीवर काढावे लागणारे महिने वाचतात. मात्र तपासणीच्या फेऱ्या टळत नाहीत. त्या चुकल्यास सैल झालेले रोपण वेळीच लक्षात येत नाही. अशा रुग्णांसाठी पारंपरिक भारण अधिक सुरक्षित ठरू शकते.