विश्लेषण : रोज ‘बॅकअप यशस्वी’ दिसूनही डेटा का जातो?

वेल्ह्यात छोटा फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माझ्या आतेभावाने दोन वर्षांपूर्वी ‘नॅस’ घेतले. रोज रात्री १२ वाजता त्यातला डेटा आपोआप क्लाउडवर जाईल, अशी सोय मीच करून दिली. सकाळी त्याच्या मोबाइलवर हिरवी खूण यायची : ‘बॅकअप यशस्वी’. गेल्या जुलैत विजांचा कडकडाट झाला, त्या रात्री नॅस बंद पडले आणि आतल्या दोन्ही डिस्क गेल्या. क्लाउड उघडला, तर जुन्या लग्नांचे सगळे चित्रीकरण जागेवर होते. त्या उन्हाळ्यातल्या ११ लग्नांपैकी मात्र एकही नव्हते. नव्या हंगामासाठी त्याने नवे फोल्डर केले होते आणि बॅकअपच्या यादीत त्यावर खूण करायची राहून गेली होती. सांगितलेले काम यंत्राने रोज चोख केले होते. एका घरातली नवरीची आजी पावसाळ्यात वारली. त्यांना द्यायला व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या चार पुसट क्लिपांखेरीज काही उरले नव्हते.

नॅस म्हणजे काय? दोन डिस्क असूनही डेटा कसा गेला?

नॅस म्हणजे ‘नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज’. राउटरला जोडलेली, स्वतःचा प्रोसेसर असलेली डिस्कची पेटी. दुकानातले किंवा घरातले सगळे संगणक आणि मोबाइल तिच्यात फाइली ठेवू शकतात. दोन डिस्कच्या नॅसमध्ये बहुतेक जण ‘रेड १’ ही पद्धत वापरतात, म्हणजे एका डिस्कवर जे लिहिले जाते तेच दुसरीवरही. एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही, एवढाच तिचा उपयोग. चुकून खोडलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. वीज, चोर किंवा पाणी आले, तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात.

पण प्रत गावाबाहेर कशाला?

हे या तालुक्यात वेगळे सांगायला नको. पानशेत वेल्हे तालुक्यातलेच. तालुक्याचे नाव आता राजगड. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे हे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांमध्ये शिरले. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात १९१० पासून जमवलेली जुनी कागदपत्रे त्या पाण्यात भिजली. ज्या कागदांचा मजकूर आधी छापून झाला होता, तो निदान इतर ग्रंथालयांत होता. बाकीच्यांची प्रत एकच आणि इमारतही एकच.

संगणकाच्या जगात यावर ‘३-२-१’ असा नियम सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दूर. तो रूढ केला अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी. त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘द डॅम बुक’. इथे ‘डॅम’ म्हणजे ‘डिजिटल ॲसेट मॅनेजमेंट’, धरणाशी संबंध नाही. पण पानशेतच्या परिसरात ते नाव वाचताना क्षणभर थबकायला होते.

वेळापत्रक कसे लावायचे?

सिनॉलॉजीच्या नॅसमध्ये ‘हायपर बॅकअप’, क्यूनॅपमध्ये ‘हायब्रिड बॅकअप सिंक’ आणि ट्रूनॅसमध्ये ‘क्लाउड सिंक टास्क’ ही सोय असते. ॲमेझॉन एस३ किंवा बॅकब्लेझ बी२ यांसारख्या सेवेत खाते उघडायचे, तिथे ‘बकेट’ म्हणजे साठवणीची जागा तयार करायची, मिळालेली ‘की’ नॅसमध्ये भरायची, फोल्डर निवडायचे आणि वेळ ठरवायची. अर्ध्या तासाचे काम आहे. फोल्डर एकेक न निवडता सगळ्यांच्या वरचे एकच मोठे फोल्डर निवडा, म्हणजे आत नवे काही तयार झाले तरी ते आपोआप यादीत येते.

खरी अडचण अपलोडच्या वेगाची. जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. अपलोड १० एमबीपीएस मिळत असेल, तर सेकंदाला सव्वा एमबी जातात. रात्री १२ ते सकाळी ६ एवढीच वेळ दिली, तर एका रात्रीत जेमतेम २७ जीबी. एका लग्नाचे चित्रीकरण २०० जीबी धरले, तर त्याला साडेसात रात्री लागतात. मुहूर्त मात्र दर दोन-चार दिवसांनी असतात. म्हणजे रांग वाढतच जाते आणि मेच्या अखेरीस क्लाउड नॅसच्या कितीतरी मागे असतो. तोवर कॅमेऱ्याची कार्डे रिकामी करायची नाहीत. १ टीबीच्या पहिल्या प्रतीला याच हिशेबाने ३७ रात्री लागतील. म्हणून आतेभावाचे नवे नॅस आम्ही पुण्यात माझ्या खोलीवर आणले, फायबरवर पहिली प्रत चढवली आणि मग वेल्ह्याला नेले. त्यानंतर फक्त बदललेला भाग जातो.

पावसाळ्यात वीज गेली की त्या रात्रीची फेरी चुकते. ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हा’ हा पर्याय चालू ठेवावा. नॅसला सावकाश बंद होता येईल एवढा यूपीएस हवाच.

‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ यांत फरक काय?

गल्लत इथेच होते. सिंक म्हणजे आरसा. नॅसवरची फाइल खोडली की क्लाउडवरचीही जाऊ शकते. बॅकअपमध्ये जुन्या आवृत्त्या राहतात. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅपची यंत्रे गाठून फाइलींना कुलपे लावली. अशा वेळी आरशात दिसतात त्याही कुलूपबंद फाइलीच. किमान महिनाभराच्या आवृत्त्या ठेवा.

हिरव्या खुणेवर विश्वास ठेवायचा की नाही?

३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या नामवंत सॉफ्टवेअर कंपनीच्या कर्मचाऱ्याकडून मुख्य डेटाबेस चुकून खोडला गेला. बॅकअप शोधायला गेले, तर बकेट रिकामी. बॅकअप कित्येक दिवस अपयशी ठरत होता आणि तशी सूचना देणारे ईमेल पोहोचतच नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाती लागली म्हणून निभावले. क्लाउडही शेवटी कुणाची तरी इमारतच असते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ‘ओव्हीएच’चे डेटा सेंटर जळाले, तेव्हा मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही तिथेच ठेवणाऱ्यांचे सगळे गेले.

आतेभाऊ आता दर महिन्याच्या एक तारखेला क्लाउडवरून कुठलीही एक क्लिप दुसऱ्याच संगणकावर उतरवतो आणि चालवून बघतो. दहा मिनिटे जातात. एक गोष्ट आम्ही उशिरा केली. बॅकअप कूटबद्ध केला असेल, तर त्याचा पासवर्ड हरवल्यावर कंपनीलाही तो उघडून देता येत नाही, आणि आमचा पासवर्ड त्याच नॅसवरच्या एका फाइलमध्ये होता! आता तो कागदावर लिहून आत्याच्या कपाटात ठेवला आहे, दुसरा कागद पुण्यात माझ्याकडे.