पंखांची शाळा (लेखांक १७) : आधी विमान, मग अभ्यासक्रम

मागच्या आठवड्यात आपण बिदरच्या तळावर तिसऱ्या टप्प्याच्या हॉक जेटपाशी थांबलो होतो आणि आज त्याच्या कॉकपिटमध्ये शिरायचं ठरलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो. कारण नाशिक रोडच्या एका वाचकांचं पत्र. त्यांचा मुलगा खडकवासल्याहून लवकरच बाहेर पडेल आणि दुंडिगलच्या एअर फोर्स अकॅडमीत दाखल होईल. ते लिहितात, ‘‘त्याच्या सीनियर मुलांकडून कानावर येतंय, की पहिल्या टप्प्याचा अभ्यासक्रम बदलणार आहे. किरण विमानं जाणार, तिनाचे दोन टप्पे होणार, उड्डाणाचे तास कमी करून सिम्युलेटरवर भागवणार. यात खरं किती?’’

अशा वावड्या दर दोन-तीन वर्षांनी उठतात आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, म्हणून त्या झटकून टाकणं मला योग्य वाटत नाही. पण त्या तपासायची एक रीत इतक्या वर्षांच्या वाचनातून माझ्यापुरती पक्की झाली आहे. अभ्यासक्रमाचं काय होणार असं विचारायचंच नाही. हँगरमध्ये आज कोणती विमानं उभी आहेत, पुढच्या पाच वर्षांत कोणती येणार आणि कोणती जाणार, एवढंच विचारायचं. लष्करी उड्डाणशिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात अभ्यासक्रम विमानामागून चालत येतो. कागदावरची सुधारणा विमानाशिवाय उभी राहिल्याचं उदाहरण मला सापडलेलं नाही. उलट विमान हातातून गेलं आणि अभ्यासक्रम एका रात्रीत बदलला, याची उदाहरणं भरपूर आहेत.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपलंच आहे. एचटी-२ या आपल्या पहिल्या स्वदेशी शिकाऊ विमानाबद्दल आपण सविस्तर बोललो आहोत. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला वायुगतिकीतज्ज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली ते विमान १९५१मध्ये उडालं. पिढ्यान् पिढ्या वैमानिक त्यावर घडले. त्याची जागा १९८०च्या दशकात एचपीटी-३२ ‘दीपक’ने घेतली. शेजारी-शेजारी दोन आसनं, पुढे २६० अश्वशक्तीचं लायकमिंग पिस्टन इंजिन, इजेक्शन सीट नाही. इंजिन हवेत बंद पडण्याच्या तक्रारी या विमानाच्या मागे वर्षानुवर्षं लागलेल्या होत्या. जुलै २००९मध्ये मेडक जिल्ह्यात एक दीपक कोसळलं, त्यात दोन इन्स्ट्रक्टर गेले. शिकाऊ नव्हेत, शिकवणारे. त्यानंतर हवाई दलाने सगळा ताफा जमिनीवर बसवला आणि तो पुन्हा उडाला नाही.

पुढच्या तुकडीचे फ्लाइट कॅडेट तर दारात उभे. त्यांना पहिल्यांदा हवेत न्यायचं कशातून? किरणमधून. म्हणजे दुसऱ्या टप्प्याचं जेट विमान पहिल्या टप्प्याला जुंपलं गेलं आणि पहिल्या टप्प्याचं शिक्षण आखडलं. किरणांची संख्या मर्यादित, त्यांचं आयुष्यही सरत आलेलं. शेवटी २०११मध्ये सूर्यकिरण या कसरतपथकाची किरण विमानंसुद्धा प्रशिक्षणासाठी काढून घेतली गेली आणि ते पथक थांबलं. बंगळुरूच्या प्रदर्शनात ज्यांच्याकडे माना वर करून पाहत होतो, ती नऊ विमानं शाळेत गेली. सूर्यकिरण पुन्हा दिसलं ते काही वर्षांनी, हॉक घेऊन. या सगळ्या काळात कुठल्याही समितीने ‘आता मुलांना थेट जेटवर शिकवू’ असं तत्त्व मांडलेलं नव्हतं. विमान नव्हतं, एवढंच कारण.

आणि इथे मला माझ्या आवडीच्या उपप्रश्नाकडे वळू द्या, कारण त्याचा या वावडीशी थेट संबंध आहे. पहिलंच विमान जेट असावं का?

आपण हे नाइलाजाने केलं, पण दोन देशांनी हौसेने आणि विचारपूर्वक केलं होतं. ब्रिटिश हवाई दलाने १९५५मध्ये हलव्हिंग्टनच्या तळावर एक प्रयोग मांडला. ज्यांनी कधी विमानाची स्टिक हातात धरली नव्हती अशा मुलांना थेट जेट प्रोव्होस्टवर बसवलं. निकाल उत्तम आला. पंखा नसल्याने टेकऑफला विमान एका बाजूला ओढत नाही, समोर इंजिनाचं धूड नसल्याने नजर मोकळी राहते, नाकाखालचं चाक असल्याने उतरणं सोपं. मुलं अपेक्षेपेक्षा लवकर सोलो गेली आणि १९५९पासून ही पद्धत नियमित झाली. अमेरिकेनेही १९६१मध्ये पंख्याची विमानं बाजूला सारून टी-३७ या छोट्या जेटवर पहिला धडा द्यायला सुरुवात केली.

अमेरिकेला चार वर्षांत माघार घ्यावी लागली. शिकवण्यात अडचण आली नाही, अडचण आली ती गाळण्यात. प्रत्येक तुकडीत काही मुलं अशी निघतातच, ज्यांना हवेत दिशेचं भान राहत नाही किंवा पोटात ढवळायचं थांबत नाही. ती जेटवर गाळायची म्हणजे प्रत्येकापायी केवढा खर्च! म्हणून १९६५मध्ये टी-४१, म्हणजे साधं सेसना १७२, पुढे आणलं आणि पहिले तीस तास त्यावर ठेवले. ब्रिटिशांनी जेट बरंच टिकवलं, पण १९८९मध्ये तेही टुकानो या टर्बोप्रॉपकडे, म्हणजे पंख्याकडेच, परतले. जुलै २००९मध्ये, आपलं दीपक जमिनीवर बसलं त्याच महिन्यात, अमेरिकी हवाई दलाने आपली शेवटची टी-३७ विमानं निवृत्त केली. त्यांची जागा घेतली होती टी-६ने, आणि टी-६ हे पिलाटस पीसी-९वरून घडवलेलं टर्बोप्रॉप विमान आहे. जग जेटकडून पंख्याकडे येत होतं तेव्हा आपली मुलं पंख्याकडून जेटकडे ढकलली जात होती. २००९ ते २०१३ या चार वर्षांत आपल्याकडे घडलेल्या वैमानिकांबद्दल आणि त्यांना घडवणाऱ्या इन्स्ट्रक्टरांबद्दल मला फार आदर आहे. त्यांच्या वाट्याला आलेलं काम कठीण होतं आणि त्याची चर्चा पुरेशी झाली नाही.

अमेरिकेची आणखी एक हकीकत सांगायलाच हवी. १९९०च्या दशकात तिथल्या हवाई दलप्रमुखांना, जनरल मॅकपीक यांना, सेसना फारच मवाळ वाटू लागलं. लढाऊ वैमानिक निवडायचा तर पहिलं विमानही कसरती करणारं हवं, असा त्यांचा आग्रह. म्हणून टी-३ए फायरफ्लाय आलं. इंजिन कोणतं? लायकमिंगचंच, २६० अश्वशक्तीचं, आपल्या दीपकच्याच कुळातलं. इंजिन मध्येच बंद पडण्याच्या तक्रारी तिथेही आल्या. १९९५ ते १९९७ या काळात तीन अपघातांत तीन इन्स्ट्रक्टर आणि तीन विद्यार्थी गेले. सगळेच अपघात इंजिनाचे नव्हते, पहिला स्पिनमधला, म्हणजे विमान गरगरत खाली येण्यातला होता. जुलै १९९७मध्ये फायरफ्लाय जमिनीवर बसलं ते कायमचं. आणि मग अभ्यासक्रमाचं काय झालं? पुढच्याच वर्षापासून भावी वैमानिकांना प्राथमिक धड्यांसाठी नागरी फ्लाइंग स्कूलमध्ये पाठवायला लागले. पुन्हा तेच. विमान गेलं, मागोमाग अभ्यासक्रम गेला.

आपल्याकडे पोकळी भरली ती पिलाटस पीसी-७ मार्क-२ने. मे २०१२मध्ये ७५ विमानांचा करार, २०१३च्या सुरुवातीला पहिलं विमान दुंडिगलला, आणि त्याच वर्षी शिक्षण सुरू. या विमानाबरोबर एक बदल असा आला, की त्याची वावडी कधी कुणी उठवली नाही आणि तरी माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतला तोच सगळ्यात मोठा. दीपक आणि किरण दोन्हींत इन्स्ट्रक्टर कॅडेटच्या शेजारी बसत असे. त्याला दिसायचं, की मुलगा उपकरणांकडेच टक लावून बसलाय, बाहेर बघतच नाही. स्टिकवरची बोटं पांढरी पडलीयेत. डावा हात थ्रॉटल सोडून मांडीवर आलाय. पीसी-७मध्ये तो मागे बसतो. पुढे त्याला दिसतं ते हेल्मेट. आता मुलाच्या मनाचा थांग त्याला आवाजावरून, श्वासावरून आणि जोडलेल्या स्टिकमधून येणाऱ्या हालचालींवरून लावावा लागतो. शिकवण्याची सगळी बोली त्यामुळे बदलली. एकट्याने बसायची सवय मुलाला पहिल्या दिवसापासून लागते हा फायदा खराच, पण घाबरलेल्या मुलाला नुसत्या खुणेने धीर द्यायची सोय गेली.

आता वाचकांच्या पत्रातल्या मुद्द्यांकडे येतो.

किरण जाणार का? जाणारच. ते विमान पहिल्यांदा १९६४मध्ये उडालं, तेही घाटगे यांच्याच कारकिर्दीत. त्याच्या जागी यायचं ठरलेलं सितारा २००३मध्ये उडालं, पण स्पिनमधून बाहेर येण्याच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं अडकलं. २०२५मध्ये त्याचं नाव ‘यशस’ झालं. दुसऱ्या टप्प्याचं जेट वेळेवर आलं नाही, तर तिनाचे दोन टप्पे करायला कुणाच्या हुकमाची गरज पडणार नाही, ते आपोआप होतील. म्हणून वावडीचा हा भाग मला निराधार वाटत नाही. पूर्वी जे धडे जेटशिवाय देता येत नसत त्यांतले बरेचसे आजच्या टर्बोप्रॉपवर देता येतात, आणि त्यापुढचे हॉकवर. २०१६मध्ये कमिशन मिळालेल्या अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक मात्र पिलाटस, किरण आणि हॉक अशा तिन्ही पायऱ्या चढूनच लढाऊ विमानांपर्यंत पोहोचल्या, हे विसरू नये.

सिम्युलेटरचं काय? अमेरिकी हवाई दलाने २०१८मध्ये ऑस्टिनला एक तुकडी डोळ्यांना आभासी-वास्तवाचे चष्मे लावून शिकवली. सुमारे वर्षभराचा शिक्षणक्रम सहा महिन्यांच्या आत आणला आणि त्यातल्या कल्पना पुढे नेहमीच्या वर्गांत झिरपल्या. इंजिन सुरू करण्याचा क्रम, रेडिओवरचं बोलणं, सर्किटमध्ये कुठे वळायचं, बिघाड झाला की काय करायचं, हे सगळं जमिनीवर शंभरदा घोटून घ्यावं. त्यात पैसा वाचतो आणि जीवही. याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पण स्पिन बघा. इन्स्ट्रक्टर थ्रॉटल मागे घेतो, नाक वर धरून वेग मरू देतो आणि विमान थरथरायला लागलं की एका बाजूचा रडर पूर्ण दाबतो. एक पंख खाली पडतो. क्षितिज नाहीसं होतं, समोरच्या काचेत फक्त शेतं गरगर फिरताना दिसतात. नाक खाली गेलंय म्हणून हात आपोआप स्टिक मागे ओढायला धावतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. थ्रॉटल बंद. फिरण्याच्या उलट बाजूचा रडर पूर्ण. मग स्टिक पुढे, आधीच जमिनीकडे निघालेलं नाक आणखी खाली. फिरणं थांबलं की पाय मध्यावर आणि हळूहळू वर. हा क्रम खोलीत पाठ होतो. पण पोट घशाशी आलेलं असताना स्वतःच्या हाताला आवरणं खोलीत शिकता येत नाही. सिम्युलेटर तासांच्या जोडीला यावा, तासांच्या बदल्यात नाही, हे माझं ठाम मत आहे. पहिल्या टप्प्यातला उड्डाणाचा तास सगळ्या प्रशिक्षणातला सगळ्यात स्वस्त तास असतो. तिथे काटकसर करून हॉकवर किंवा त्याहून महागड्या विमानावर उणीव भरून काढणं पैशाच्या हिशेबातही बसत नाही.

म्हणून पुढची काही वर्षं लक्ष ठेवायचं ते एचटीटी-४०वर. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं पहिल्या टप्प्यासाठीचं हे टर्बोप्रॉप मे २०१६मध्ये पहिल्यांदा उडालं. चाचण्यांत त्याने दोन्ही बाजूंना सहा-सहा फेऱ्यांच्या स्पिन करून दाखवल्या. मार्च २०२३मध्ये ७० विमानांचा ६,८२८ कोटी रुपयांचा करार झाला, पुरवठा सहा वर्षांत. ९५० अश्वशक्तीचं इंजिन, जमिनीवर उभ्या विमानातूनही जीव वाचवणारी इजेक्शन सीट, आणि माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची एक सोय : इंजिन चालू ठेवूनच एक कॅडेट उतरतो आणि दुसरा बसतो. सकाळची हवा शांत असते, त्या दोन-तीन तासांतच नवशिक्यांचं खरं शिकणं होतं. इंजिन बंद-चालू करण्यातली मिनिटं वाचली, तर त्याच विमानातून त्याच सकाळी आणखी मुलं उडतील. तास वाढवायचे असतील तर ते असे वाढतात. ऑक्टोबर २०२५मध्ये या विमानाची दुसरी उत्पादनरांग आपल्या नाशिकला सुरू झाली आणि त्याच महिन्यात बंगळुरूला पहिलं उत्पादित विमान उडालं. दुंडिगलचा अभ्यासक्रम कधी आणि किती बदलणार, याचं उत्तर या दोन रांगांमधून दरवर्षी किती विमानं बाहेर पडतात त्यावर ठरेल.

पुढच्या आठवड्यात बिदर आणि हॉक. तोवर एक विनंती. या मालिकेच्या वाचकांत निवृत्त वैमानिक आणि इन्स्ट्रक्टर आहेत, हे पत्रांवरून कळतं. तुमच्या जुन्या लॉगबुकांत एचटी-२, दीपक आणि किरणवरच्या तुमच्या पहिल्या टप्प्याचे तास नोंदलेले असतील : सोबत किती, सोलो किती, पहिला सोलो कितव्या तासाला. तुकडीचं वर्ष आणि हे आकडे एवढंच कळवा, नाव छापणार नाही. छापील अभ्यासक्रम बदलत गेले, पण मुलांना प्रत्यक्ष किती उडायला मिळालं ते त्या लॉगबुकांतच आहे.