वाटाड्या नसतो तेव्हा शरीराचे ऐका : गोझो बेटावरची सायकल सहल

सायकल म्हटली की आपल्या वस्तीत आधी काम आठवते. पेपर टाकणारा मुलगा, दुधाचे कॅन लावलेली सायकल, पहाटे डबा अडकवून कंपनीत निघालेला माणूस. सुट्टीत, तेही पैसे मोजून, कोणी दिवसभर सायकल मारत फिरते असे सांगितले तर घरातली म्हातारी माणसे हसतील. युरोपात मात्र ही सहल चांगलीच रूढ आहे. या वेळी आम्ही भूमध्य समुद्रातल्या गोझो नावाच्या बेटावरच्या अशा सहलीबद्दल लिहीत आहोत. गोझो हे माल्टा या देशाचे बेट. माल्टात आज बरेच भारतीय नोकरीला आहेत, त्यात दवाखान्यांत आणि वृद्धाश्रमांत काम करणाऱ्या नर्सही आहेत. आपल्या घरातली एखादी मुलगी उद्या तिथे असेल आणि सुट्टीच्या दिवशी सायकल भाड्याने घेईल, तर तिला काय माहीत असावे? ते सांगण्यासाठी हा लेख. इथे राहून सायकल चालवणाऱ्यालाही यातले बरेच काही उपयोगी पडेल.

या सहलीत सोबत वाटाड्या नसतो. सहल कंपनी सायकल, हेल्मेट, नकाशा आणि मोबाइलवर रस्ता देते, मुक्कामाची सोय करते. मुक्काम बदलायचा असेल तर तुमची बॅग गाडीने पुढे पाठवते. पंक्चर झाले तर फोन करायला एक नंबर असतो. बाकी कधी निघायचे, कुठे थांबायचे, किती चालवायचे, सगळे तुमच्यावर.

ही मोकळीक चांगलीच आहे. पण नर्स म्हणून आमच्या मनात पहिली शंका इथेच येते. वाटाड्या बरोबर असला की तो तुमचा चेहरा बघतो, पाय लटपटताना बघतो आणि सावलीत बसवतो. इथे ते काम तुम्हालाच करायचे आहे. आणि आपल्या घरांतल्या माणसांना, बायकांना तर जास्तच, दुखणे अंगावर काढायची सवय असते. वॉर्डात आम्ही वर्षानुवर्षे हेच पाहिले. "आधी का नाही सांगितलं?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "वाटलं थांबेल आपोआप." कामावर ही सवय लागते, कारण तिथे थांबले की रोज बुडतो. सुट्टीत थांबले तर काहीच बुडत नाही.

आता बेटाबद्दल. इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेला माल्टा आहे. माल्टाच्या चिर्केव्वा बंदरातून बोट साधारण २५ मिनिटांत गोझोच्या इमजार बंदराला लागते. गोझो सुमारे १४ किलोमीटर लांब आणि ७ किलोमीटर रुंद, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्याएवढे. १९६४ पर्यंत इथे इंग्रजांचे राज्य होते, त्यामुळे वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात आणि इंग्रजीही चालते. लोकांची स्वतःची भाषा माल्टी. ती अरबीतून वाढलेली, म्हणून जगाला ते 'दिन्या' म्हणतात आणि निरोप घेताना 'सह्हा' म्हणतात, म्हणजे आरोग्य. आपण ऐकतो ते 'दुनिया' आणि 'सेहत' याच घरातले शब्द.

लहान बेट म्हणून सोपे समजू नये. सगळ्यात उंच टेकडी २०० मीटरच्या आतच आहे, पण गावे टेकड्यांच्या माथ्यावर आणि किनारे खाली. प्रत्येक वेळी समुद्रापर्यंत उतरायचे आणि तेवढेच पुन्हा चढायचे. बंदरातून बाहेर पडल्या पडल्या चढ लागतो. वारा समोरून आला की सपाट रस्ताही चढासारखा वाटतो. म्हणून पुष्कळ लोक बॅटरीची सायकल घेतात. तिची मोटर पायडल मारताना जोर देते आणि ताशी २५ किलोमीटरला बंद होते. बॅटरीची सायकल घेण्यात कमीपणा काही नाही. गुडघे दुखणाऱ्याने तीच घ्यावी.

साधी घ्या की बॅटरीची, निघण्याआधी सीटची उंची बघा. सीटवर बसून पायडल सगळ्यात खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला तर उंची बरोबर. मग पायडलवर चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. सीट फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलते आणि पाठ धरते. हाताची करंगळी बधीर झाली तर पकड बदलावी. मांड्यांमध्ये बधिरता आली तर उतरून थोडे चालावे. हे सांगायला बायका लाजतात, पण ती शरीराने दिलेली सूचना आहे, लाजण्यासारखे त्यात काही नाही. चढावर हलका गिअर टाकावा. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर दम लागत असेल तर वेग जास्त झाला. तरीही जमत नसेल तर खाली उतरून सायकल हातात धरून चालावे.

उन्हाची गोष्ट अधिक गंभीर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये इथे उन्हाचा तडाखा मोठा, आणि झाडे कमी. दगडी कुंपणे आणि फड्या निवडुंग रस्त्याकडेला असतात, त्यांची सावली किती पडणार? वसंतात, म्हणजे मार्च ते मेपर्यंत, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जावे. बेटावर नदी नाही. प्यायच्या पाण्यातला मोठा वाटा समुद्राचे पाणी गोडे करून मिळतो. दोन गावांच्या मध्ये नळ सापडेल या भरवशावर निघू नये, बाटल्या भरूनच निघावे. तहान लागण्याची वाट न बघता घोट घोट प्यावे. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले असे समजावे.

उत्तर किनाऱ्यावर श्वेयनी येथे खडकात खोदलेली मिठागरे आहेत. उन्हाळ्यात समुद्राचे पाणी आटवून तिथे अजूनही मीठ काढतात. तसलेच मीठ घामातून तुमच्या सदऱ्यावर पांढरे उमटते. म्हणजे नुसते पाणी पुरत नाही, मीठही परत द्यावे लागते. मीठ-साखर पाणी आपल्याला नवे नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजाने मूठभर मीठ टाकू नका, त्याने उलट अपाय होतो.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम ही लक्षणे दिसली की सावलीत बसा, पाणी घ्या, त्या दिवशीची सहल तिथेच संपवा. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, तोल जाऊ लागला तर तो उष्माघात. तिथे ११२ हा तातडीचा नंबर आहे. मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहावे, वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

मधुमेहाची इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर सायकल चालवताना साखर अचानक उतरू शकते. डोस स्वतःच्या मनाने बदलू नये, निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखर ठेवावी. छातीत दाब आला तर तिथेच थांबावे. सिकलसेलबद्दल वेगळे सांगतो, कारण विदर्भातल्या आपल्या घरांत तो आहे. शरीरातले पाणी कमी झाले की सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही सहल करू नये. नुसता वाहक असलेल्यानेही पाण्याबाबत हयगय करू नये आणि दम तुटेपर्यंत चालवू नये.

शाअ्रा गावात जगान्तिया नावाची दगडी मंदिरे आहेत. इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमारास त्यांची सुरुवात झाली, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही कित्येक शतके आधी. एवढाले दगड माणसांनी उचलले यावर पुढच्या लोकांचा विश्वास बसेना, म्हणून एक लोककथा झाली. एका राक्षसिणीने खांद्यावर मूल घेऊन ही मंदिरे बांधली आणि ती फक्त बाकल्याचे दाणे आणि मध खात असे. कडेवर मूल घेऊन दगड वाहणारी बाई आपल्याला कुठल्याही बांधकामावर दिसते, तिला राक्षसीण म्हणायची गरज पडत नाही.

पण त्या दाण्यांकडे लक्ष द्या. बाकल्याच्याच एका जातीची 'बिगिल्ला' नावाची चटणी तिथे पावासोबत खातात. चवीला छान, बहुतेकांना निर्धोक. मात्र जी-सिक्स-पीडी या घटकाची जन्मतः कमतरता असलेल्यांच्या रक्तातल्या लाल पेशी बाकला खाल्ल्यावर फुटू शकतात. दोन-तीन दिवसांत लघवी काळसर लाल होते, डोळे पिवळे पडतात, दम लागतो. भूमध्य समुद्राच्या काठी ही कमतरता जुनी आहे, आणि भारतातही ती आहे. पुरुषांत जास्त दिसते. घरात कोणाला मलेरियाची प्रायमाक्विन गोळी घेतल्यावर असा त्रास झाला असेल तर रक्त तपासून घ्यावे आणि बिगिल्ला टाळावी.

बेटाच्या मध्यभागी व्हिक्टोरिया शहर आणि त्याच्या माथ्यावर किल्ला. १५५१ मध्ये तुर्की आरमाराने हा किल्ला घेतला आणि सुमारे पाच हजार माणसे, म्हणजे जवळजवळ सगळे बेट, गुलाम करून त्रिपोलीला नेले. त्यानंतर १६३७ पर्यंत गोझोच्या लोकांनी रात्री किल्ल्याच्या आतच झोपावे असा कायदा होता. इतिहास एवढ्यावर संपवू नये. माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती सरदारांकडेही गुलाम होते, त्यांचा बाजार भरे, आणि ती प्रथा १७९८ मध्ये नेपोलियन आल्यावर बंद झाली. किल्ल्याचा चढ दमवणारा आहे. सायकल खाली लावून सावकाश चालत जावे, वर बसून सगळे बेट बघावे.

शेवटी दुधाबद्दल. पूर्वी माल्टात शेळ्या रस्त्यातून फिरवत आणि गिऱ्हाइकाच्या दारातच दूध काढून देत. ताजे दूध म्हणून लोक खूश. पण तिथे महिनोन्‌महिने चढणारा-उतरणारा एक ताप होता, त्याला नावच माल्टा ताप पडले. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांना त्याचे जंतू सापडले. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लेस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरांनी दाखवले की हे जंतू चांगल्या दिसणाऱ्या शेळ्यांत असतात. १९०६ मध्ये लष्करात ते दूध बंद केले आणि सैनिकांतला ताप झपाट्याने उतरला. गावातले लोक मात्र पुढेही बरीच वर्षे तेच दूध पीत राहिले आणि आजारी पडत राहिले. या आजाराला आज ब्रुसेलोसिस म्हणतात. १९९५ मध्येही कच्च्या दुधाच्या चीजमधून तो माल्टात पुन्हा पसरला होता. गोझोचे 'जबेय्ना' हे छोटे गोल चीज प्रसिद्ध आहे. पाश्चराइज केलेल्या दुधाचे असेल तर खुशाल खा. कोणी घरचे, कच्च्या दुधाचे म्हणून प्रेमाने दिले तरी नको म्हणा. आपल्याकडेही शेळी पाळणाऱ्या घरांत दूध उकळूनच प्यावे, आणि गाभण शेळी टाकली तर वार उघड्या हाताने उचलू नये.

हा ताप लगेच येत नाही. दोन-चार आठवड्यांनी येतो, कधी काही महिन्यांनी. रात्री घाम, पाठ आणि सांधे दुखणे, गळून जाणे. आपल्याकडे टायफॉइड किंवा टीबी समजून औषधे चालू होतात. म्हणून परत आल्यावर असा ताप राहिला तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, कुठे गेलो होतो आणि कच्चे चीज खाल्ले होते. रक्ताची तपासणी त्या दिशेने होईल. उपचार आहेत. दोन औषधे मिळून साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात, आणि बरे वाटले तरी मध्येच सोडायची नसतात.