साध्य दोन, साधन एक

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर टेक्सासमधल्या एका श्रोत्याने विचारलं, ‘सर, घराचं रक्षण आणि रेंजवरचा सराव, दोन्हींसाठी एकच रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर कोणतं?’ प्रश्न हत्याराचा वाटतो. खरं तर तो साध्य-साधनविवेकाचा आहे.

अर्धा किलोचं, २ इंची नळीचं रिव्हॉल्व्हर खिशात मावतं. पण वजन कमी म्हणून हाताला धक्का जास्त. हात दुखतो, मग सराव सुटतो. आणि घरातच ठेवायचं, तर खिशाचा प्रश्न येतोच कुठे? म्हणून किलोभर वजनाचं, पोलादी, ४ इंची नळीचं बरं. ते .३५७ मॅग्नमचं असेल, तर त्यात .३८ स्पेशल काडतूसही चालतं. ते स्वस्त आणि धक्काही कमी. उलट मात्र कधीच करायचं नाही.

अॅरिस्टॉटल सद्गुणाला सवयीचं फळ मानतो. ऐनवेळी हात सवयीचंच करतो. पण सवय नुसती नेमाची नव्हे. बोट चापापासून दूर ठेवण्याची, हत्यार कुलपात ठेवण्याची, अंधारात समोर कोण आहे हे आधी ओळखण्याची. पाणी प्यायला उठलेला आपलाच मुलगा असला तर? तेव्हा न झाडलेली गोळी, हेही रक्षणच, नाही का?